शुद्धिपत्र कुणासाठी? जीसीसी कंपायलरच्या जुन्या आवृत्त्या आणि दोषदुरुस्तीचा विवेक

१.

छापील ग्रंथाच्या अखेरीस जोडलेले शुद्धिपत्र साहित्याच्या अभ्यासकाला चांगले परिचयाचे असते. ग्रंथ छापून होतो, वाचकांच्या हाती जातो आणि मग चुका ध्यानात येतात. त्या पुढील आवृत्तीत सुधारायच्या, की आत्ताच एक पान छापून शिल्लक प्रतींना जोडायचे, असा प्रश्न प्रकाशकापुढे उभा राहतो. प्रत्येक चुकीसाठी शुद्धिपत्र काढणे परवडत नाही आणि प्रत्येक चूक त्या योग्यतेचीही नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा दोष वाचक मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. पण एखाद्या वाक्यातला 'न' गळाला आणि विधानाचा अर्थच उलटला, तर ती चूक मुकाट राहू देणे हा वाचकाशी द्रोह ठरतो. संपादनशास्त्राच्या तासाला या विवेकाची चर्चा आपण करतोच. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत हाच विवेक एका अगदी निराळ्या क्षेत्रात, संगणकाच्या कंपायलरच्या संदर्भात, फार बारकाईने घडत गेला आहे. त्याचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी वाचण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते, कारण 'शुद्ध पाठ' आणि 'प्रचलित पाठ' यांच्यातील जुनाच झगडा त्यात नव्या वेषात दिसतो.

कंपायलर हा एक प्रकारचा अनुवादक आहे. प्रोग्रॅमर ज्या भाषेत लिहितो ती माणसाला वाचता येते. प्रोसेसरला कळणारी आज्ञांची भाषा वेगळी असते. पहिलीतून दुसरीत भाषांतर करण्याचे काम कंपायलर करतो. साहित्यकृतीच्या अनुवादापेक्षा येथे एक मोठा फरक आहे. अनुवादित कादंबरीचा वाचक मूळ ग्रंथ शेजारी ठेवून ताडून पाहू शकतो, निदान शंका तरी घेऊ शकतो. कंपायलरने केलेले भाषांतर सहसा कुणीच वाचत नाही. ते थेट चालवले जाते. शिवाय अनुवादकाची खोड एका ग्रंथापुरती मर्यादित राहते, तर कंपायलरची खोड त्याच्या हातून गेलेल्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उतरू शकते. तेव्हा दोष सापडला की तो ताबडतोब, सर्व आवृत्त्यांत सुधारावा, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही आणि न होण्यामागे आळसापेक्षा विचारच अधिक आहे. तो विचार कसा आकाराला आला, हे जीसीसी या कंपायलरच्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कुणाचीही मालकी नसलेली, सर्वांना वाचता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभारावी, हा त्या प्रकल्पाचा संकल्प होता. अशा प्रणालीला स्वतःचा कंपायलर हवाच. त्या कंपायलरची, म्हणजे जीसीसीची, पहिली चाचणी-आवृत्ती १९८७ च्या मार्चमध्ये बाहेर आली आणि १.० ही आवृत्ती त्याच वर्षी मे महिन्यात. १९९२ साली २.० आली. नव्वदच्या दशकात लिनक्सचा प्रसार होत गेला, तसा जीसीसी हा त्या साऱ्या जगाचा पाया बनला.

याच काळात एक पेच निर्माण झाला. अधिकृत जीसीसीचे काम मोजक्या हातांत होते आणि ते सावकाश चाले. नवे बदल स्वीकारले जाण्यास विलंब होऊ लागला, तेव्हा काही विकासकांनी १९९७ साली वेगळी चूल मांडली. त्यांच्या प्रकल्पाचे नाव 'ईजीसीएस' आणि त्याची पहिली आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरात निघाली. एकाच मूळ संहितेच्या दोन परंपरा आता समांतर चालू लागल्या. हस्तलिखितांच्या वंशवृक्षात असे फाटे फुटतात, तेव्हा पुढे कुणीतरी दोन्ही शाखा ताडून बघण्याचे कष्ट घ्यावे लागतात. येथे निकाल लवकर लागला. १९९९ च्या एप्रिलमध्ये ईजीसीएसच्या संचालन समितीकडेच अधिकृत जीसीसीची सूत्रे सोपवण्यात आली आणि जुलैअखेर एकत्रित प्रवाहाची पहिली आवृत्ती, २.९५, प्रकाशित झाली.

ही २.९५ आवृत्ती आपल्या कथेत महत्त्वाची आहे, कारण पुढील कित्येक वर्षे लोक तिला सोडावयास तयार झाले नाहीत. तिच्या दुरुस्त प्रती निघत राहिल्या, २.९५.३ ही २००१ च्या मार्चमध्ये निघाली. लिनक्सच्या गाभ्याने तिचा आधार २००६ साली सोडला. तोवर तिच्या मागून आलेल्या आवृत्त्यांची रांग लागलेली होती. पण जिच्यावर आपले काम चालते, जिच्या खोड्या आपल्याला ठाऊक झाल्या आहेत, ती जुनी आवृत्ती माणसे सहजी टाकत नाहीत. नव्या आवृत्तीत जुने दोष गेलेले असतात हे खरे. पण नव्या आवृत्तीचे दोष अजून कुणाला माहीत नसतात, हेही तितकेच खरे.

३.

आवृत्तीच्या आकड्याला अर्थ असतो आणि तो देण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न २००० साली अचानक ऐरणीवर आला. रेड हॅट या लिनक्स वितरक कंपनीने सप्टेंबरमध्ये आपली सातवी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात जीसीसी २.९६ हा कंपायलर होता. असा कंपायलर जीसीसीच्या संचालन समितीने प्रसिद्ध केलेलाच नव्हता. कंपनीने चालू कामाची, अजून पक्की न झालेली संहिता घेतली, तिच्यात स्वतःच्या दुरुस्त्या केल्या आणि ती ग्राहकांना दिली. २.९५ मध्ये सी प्लस प्लस या भाषेची बाजू लंगडी होती आणि पुढील अधिकृत आवृत्ती दूर होती. त्यामुळे कंपनीला हा मार्ग सोयीचा वाटला. लिनक्सच्या गाभ्यासाठी मात्र त्याच वितरणात एक जुना कंपायलर वेगळा ठेवावा लागला.

ऑक्टोबरमध्ये संचालन समितीने निवेदन काढले: २.९६ ही आमची आवृत्ती नव्हे. तिने सी प्लस प्लसमधून तयार केलेले भाग २.९५ शी जुळणार नव्हते आणि येऊ घातलेल्या ३.० शीही जुळणार नव्हते. गोंधळ टाळण्यासाठी चालू कामाला २.९७ असे नाव देण्यात आले आणि २.९६ हा आकडा अधिकृत यादीत कायमचा रिकामा राहिला. संपादकाची टाचणे चोरून छापलेली एखादी प्रत बाजारात लोकप्रिय व्हावी आणि संपादकाला 'ही प्रत माझी नाही' असे जाहीर करावे लागावे, असा काहीसा हा प्रकार. येथे 'चोरून' हा शब्द तंतोतंत लागू पडत नाही, कारण परवान्याने कंपनीला तसे करण्याची पूर्ण मोकळीक दिलेली होती. म्हणूनच हा वाद कायद्याच्या पातळीवर न राहता विश्वासाच्या पातळीवर आला. आवृत्तीचा आकडा म्हणजे वाचकाला दिलेला शब्द आहे, ही जाणीव त्यातून दृढ झाली असे आम्ही मानतो.

४.

३.० ही आवृत्ती २००१ च्या जूनमध्ये आली आणि सोबत एक नवा करार घेऊन आली. संगणकातील प्रोग्रॅम सहसा एकटा नसतो. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वेळी कंपाइल केलेल्या भागांची ती गाठ असते. कोणता तपशील स्मृतीत कोठे ठेवायचा, एकाने दुसऱ्याला काय कोठे द्यायचे, नावे कशी सांकेतिक करायची, यावर या भागांचे एकमत असावे लागते. या एकमताला ए. बी. आय. असे म्हणतात. ३.० पासून जीसीसीने सी प्लस प्लससाठी एक नवा, इतर कंपायलरांशीही जुळू शकेल असा ए. बी. आय. स्वीकारला.

मात्र कराराचा मसुदा आणि प्रत्यक्ष वर्तन यांत अंतर होते. २००२ च्या मे महिन्यात ३.१ आणि जुलैमध्ये ३.१.१ निघाली, आणि आपल्या कंपायलरचे वागणे करारातील काही कलमांना सोडून आहे हे विकासकांच्या ध्यानात आले. आता काय करावे? दोष दुरुस्त केला, तर नव्या कंपायलरने तयार केलेला प्रोग्रॅम जुन्या कंपायलरने तयार केलेल्या ग्रंथालयाशी जुळणार नाही. आणि हा बेबनाव बहुधा मुकाट असेल, चुकीच्या उत्तरांच्या रूपानेच प्रकट होईल. न करावा, तर हजारो ठिकाणी चूक रुजेल आणि पुढे ती उपटणे अशक्य होईल. निर्णय असा झाला की दोष दुरुस्त करायचा, पण त्याला '३.१.२' असे साळसूद नाव द्यायचे नाही. त्या आवृत्तीला ३.२ म्हटले गेले आणि ती ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. शेवटचा आकडा बदलतो तेव्हा वाचक निर्धास्त असतो. मधला आकडा बदलला की तो सावध होतो. दुरुस्तीइतकेच तिचे नामकरणही प्रामाणिक असावे लागते, हा धडा येथे मिळाला.

खरी परीक्षा यानंतरची. ३.२ मध्येही काही विसंगती उरल्याचे पुढे आढळले. या वेळी मात्र त्या लगेच दुरुस्त करण्यात आल्या नाहीत. ३.२ च्या भरवशावर वितरकांनी आपल्या प्रणाली उभ्या केल्या होत्या. त्यांच्या पायाखालची सतरंजी पुन्हा ओढणे योग्य नव्हते. तेव्हा त्या विसंगती ३.३ मध्ये जशाच्या तशा ठेवण्यात आल्या. २००४ सालच्या ३.४ मध्ये कराराची दुसरी पायरी आली आणि ती २०१४ सालच्या ४.९ पर्यंत कायम राहिली. दरम्यान जे दोष सापडत गेले, त्यांची यादी कंपायलरच्या माहितीपुस्तकातच छापण्यात आली आणि 'येथे धोका आहे' असा इशारा मागता येईल अशी सोय करण्यात आली. ज्याला शुद्ध वर्तन हवे त्याने ते सांगून मागावे. न मागणाऱ्याला जुनेच मिळेल. मूळ संहितेत प्रचलित पाठ आणि तळटीपेत शुद्ध पाठ, ही संपादकीय रीत आपल्याला नवी नाही. नवे आहे ते एवढेच की या तळटीपेवर यंत्रे चालतात.

या टप्प्याची आणखी एक शाखा सांगण्याजोगी आहे. बीओएस नावाची एक देखणी संगणकप्रणाली नव्वदच्या दशकात होती. तिची कंपनी २००१ साली संपली. तिच्या चाहत्यांनी तिची पुनर्रचना आरंभली; ती पुढे 'हायकू' नावाने ओळखली जाऊ लागली. बीओएसचे जुने प्रोग्रॅम हायकूवर जसेच्या तसे चालावेत, अशी त्यांची इच्छा होती. आणि ते प्रोग्रॅम ३.० पूर्वीच्या कराराने बांधलेले होते. परिणामी हायकूच्या ३२ बिटांच्या प्रणालीसाठी जीसीसी २.९५.३ आजही जतन केला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली हायकूची पाचवी बीटा आवृत्तीही त्याला अपवाद नव्हती. ज्या आवृत्तीला तिच्या मूळ संपादकांनी दोन दशकांपूर्वीच निरोप दिला, तिच्या दुरुस्त्यांचा भार आता तिच्या वाचकांच्या खांद्यावर आहे.

५.

अशा अनुभवांतून जीसीसीची एक रीत पक्की झाली. नवी मुख्य आवृत्ती निघाली की तिची एक स्वतंत्र शाखा केली जाते. मुख्य प्रवाहात नवे काम चालू राहते. जुन्या शाखेत फक्त दुरुस्त्या होतात. आणि तेथे होणाऱ्या दुरुस्तीची अट एका शब्दात सांगितली जाते: रिग्रेशन. पूर्वीच्या एखाद्या आवृत्तीत जे नीट चालत होते आणि या आवृत्तीत बिघडले, ते रिग्रेशन. असा दोष जुन्या शाखेत सुधारण्यास पात्र असतो. जो दोष पहिल्यापासूनच आहे, तो कितीही उघड असला, तरी सर्वसाधारणपणे त्याची दुरुस्ती पुढील मुख्य आवृत्तीची वाट पाहते.

पहिल्या वाचनात हा नियम विचित्र वाटतो. चूक जितकी जुनी, तितका तिचा मान मोठा? आम्ही वर्गात संहिताचिकित्सा शिकवतो तेव्हा याच्या नेमके उलट सांगतो: चूक किती प्रतींत आहे यावरून ती बरोबर ठरत नाही. पण येथे प्रश्न खरेपणाचा नसून वचनाचा आहे. पहिल्यापासून असलेल्या दोषाशी वापरणाऱ्यांनी कसेबसे जमवून घेतलेले असते. त्याला वळसा घालून वाट काढलेली असते. रिग्रेशनमध्ये मात्र ज्याने विश्वासाने नवी आवृत्ती घेतली, त्याचीच फसगत होते. जुन्या शाखेत राहणाऱ्याने 'मला अधिक चांगले द्या' असे म्हटलेले नसते. 'माझे आहे ते बिघडवू नका' एवढीच त्याची मागणी असते. वर्षाच्या मध्यावर नेमलेल्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली आणि पानांचे क्रमांक बदलले, तर वर्गाची काय अवस्था होते हे शिक्षकांना सांगावयास नको. ती सुधारणा चांगली असते, फक्त तिची वेळ चांगली नसते.

दोषांचे प्रकारही येथे लक्षात घ्यावे लागतात. जीसीसीच्या दोषनोंदणीत त्यांची स्पष्ट वर्गवारी आहे. एका प्रकारात कंपायलर योग्य प्रोग्रॅम वाचता वाचता स्वतःच कोसळतो. हा दोष गोंगाट करणारा. निदान कुणाची फसवणूक तरी होत नाही. दुसऱ्यात योग्य मजकूर अयोग्य म्हणून नाकारला जातो. तिसऱ्यात अयोग्य मजकूर निमूटपणे स्वीकारला जातो. चौथ्यात योग्य मजकुराचे भाषांतरच चुकते आणि कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. हा चौथा प्रकार सर्वांत भयंकर मानला जातो आणि जुन्या शाखांकडे वळणाऱ्या दुरुस्त्यांत त्याला अग्रस्थान मिळते. तिसऱ्या प्रकाराची गंमत निराळी. अयोग्य मजकूर स्वीकारण्याचा दोष जुन्या शाखेत सुधारला, तर काल चालणारा कुणाचा तरी प्रोग्रॅम आज नाकारला जाईल. चूक त्या लेखकाचीच असेल. पण दुरुस्त झालेल्या कंपायलरचा त्याला होणारा उपयोग शून्य आणि त्रास मात्र पुरेपूर. म्हणून असे दोष बहुधा पुढच्या मुख्य आवृत्तीवर सोडले जातात. व्याकरणाची शिस्त नव्या पिढीला लावावी, जुन्यांना जुने लेखन सोसू द्यावे, अशी ही उदारता आहे.

सर्वांवर कडी करणारी आणखी एक बाब म्हणजे दुरुस्तीतूनच उपजणारा दोष. कंपायलरमध्ये शेकडो रूपांतरे एकामागोमाग एक होत असतात; एका ठिकाणचा बदल दूरच्या ठिकाणी झाकून राहिलेला दुसरा दोष उघडा पाडतो. मुख्य प्रवाहात अशा गोष्टी उघडकीस येण्यास वेळ मिळतो. जुन्या शाखेतील पुढची दुरुस्त प्रत मात्र निघाली की थेट गंभीर कामांत वापरली जाते. यासाठी दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात घालून काही काळ मुरू द्यायची आणि मग मागे न्यायची, अशी पद्धत आहे. या मागे नेण्यालाच बॅकपोर्ट म्हणतात.

६.

नियम आला की तो लावणारा आला, आणि तेथे पंक्तिप्रपंचही आला. जीसीसीत हे काम रिलीज मॅनेजर करतात. ३.० नंतरच्या काळात मार्क मिचेल यांनी ते दीर्घकाळ केले. पुढे याकुब येलिनेक आणि रिचर्ड बीनर यांची नावे त्या कामाशी जोडली गेली. प्रत्येक रिग्रेशनला ते अग्रक्रमाचा आकडा देतात. पहिल्या क्रमांकाचा दोष शिल्लक असेल तर आवृत्ती निघत नाही. चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे दोष आवृत्ती अडवू शकत नाहीत. संचालन समिती कोणत्या प्रोसेसरांना प्रमुख म्हणायचे, कोणत्यांना दुय्यम, याची यादी ठरवते. त्या यादीबाहेरच्या यंत्रांवरील आणि प्रमुख भाषांखेरीज इतर भाषांतील दोष बहुधा शेवटच्या क्रमांकांत जातात.

यात दुष्टावा नाही. माणसे थोडी आणि दोष अमाप. पण परिणाम स्पष्ट आहे. ज्यांच्या यंत्राचे वा भाषेचे वापरकर्ते कमी, त्यांचा दोष तितकाच खरा असूनही कुणाला थांबवू शकत नाही. मोटोरोला ६८००० या प्रोसेसर-घराण्याचे उदाहरण बोलके आहे. अमिगा, अटारी आणि जुने मॅकिंटॉश यांवर ते चाले. कंपायलरच्या अंतर्रचनेतील एक जुनाट पद्धत काढून टाकायचे ठरले, तेव्हा त्या पद्धतीवर विसंबलेला या घराण्याचा आधारही वगळला जाण्याची वेळ आली. २०१९ साली त्या जुन्या यंत्रांच्या चाहत्यांनी वर्गणी जमवली, जाणत्या विकासकाने ते काम केले आणि आधार टिकला. लहान भाषिक समूहांच्या ग्रंथव्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकास यावर अधिक भाष्य करण्याची गरज नसावी.

७.

दोष कुणाचा, हे ठरवणेही नेहमी सोपे नसते. जीसीसीच्या नोंदवहीतील ३२३ क्रमांकाची तक्रार या बाबतीत प्रसिद्ध आहे. ती २००० साली नोंदली गेली. इंटेलच्या जुन्या गणनयंत्रणेत दशांशांची गणिते ८० बिटांच्या सूक्ष्मतेने होत; तीच संख्या स्मृतीत ठेवताना ६४ बिटांवर आणली जाई. त्यामुळे एकच संख्या एकदा यंत्रणेच्या आत आणि एकदा स्मृतीत असेल, तर ती स्वतःशीच असमान निघू शके. वापरणारे म्हणत, हा कंपायलरचा दोष आहे. अनेक विकासक म्हणत, हा त्या प्रोसेसरच्या रचनेचा गुणधर्म आहे. नव्या नव्या तक्रारी येत राहिल्या आणि त्या याच क्रमांकाकडे वळवल्या जात राहिल्या. तोडगा तुकड्यातुकड्यांनी आला. ६४ बिटांच्या प्रोसेसरांवर गणिताची वेगळी यंत्रणा रूढ झाल्याने प्रश्नाची धार गेली. २०१० सालच्या ४.५ आवृत्तीत सी भाषेसाठी काटेकोर वर्तन मागण्याची सोय झाली; सी प्लस प्लससाठी ती २०२३ सालच्या तेराव्या आवृत्तीत आली. जुन्या आवृत्त्यांकडे ती कधीच गेली नाही, कारण ज्याला दोष म्हणावे की नाही यावरच एकमत नव्हते, त्याची दुरुस्ती मागे नेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

२००८ सालचा प्रसंग याच्या उलट. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवताना प्रोसेसरने पुढच्या दिशेने जायचे की मागच्या, हे एका खुणेवरून ठरते. फंक्शन सुरू होताना ती खूण 'पुढे' अशीच असेल, असे करारात होते. तरीही जीसीसी दर वेळी ती खूण स्वतः पुसून घेत असे. ४.३ आवृत्तीत ही अनावश्यक खबरदारी काढून टाकण्यात आली आणि करार दुसऱ्याच पक्षाने मोडलेला असल्याचे उघड झाले: लिनक्सचा गाभा काही प्रसंगी ती खूण न पुसताच नियंत्रण सोपवत होता. वर्षानुवर्षे कंपायलरच्या अतिदक्षतेने तो दोष झाकला होता. गाभ्याची दुरुस्ती झाली. पण जगातले जुने गाभे एका रात्रीत बदलत नाहीत. कराराच्या अक्षराने पाहता जीसीसी निर्दोष होता. तरी पुढे जुनी खबरदारी मागून घेण्याचा पर्याय त्यात जोडण्यात आला. आपण बरोबर आहोत एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडेल.

आणि मग २०१४. एप्रिलमध्ये ४.९.० आली. जुलैमध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक गूढ बिघाड आढळला. कंपायलरने एक मूल्य स्मृतीच्या अशा जागी ठेवले होते, जी अद्याप त्या फंक्शनच्या नावे झालेलीच नव्हती. मध्येच व्यत्यय आला तर ते पुसले जाई. लिनस टॉरवल्ड्स यांनी आपल्या रोखठोक शैलीत कंपायलरवर कोरडे ओढले. दुरुस्ती झाली, पण चुकीची ४.९.० प्रत कुणाकुणाच्या यंत्रावर असेल, हे कोण जाणे! म्हणून गाभ्यातच एक तोडगा घालण्यात आला: दोष जागा करणारी सोयच बंद ठेवायची. हा तोडगा दोष नसलेल्या कंपायलरांनाही लागू होत राहिला आणि २०२० साली तो फक्त जुन्या कंपायलरांपुरता मर्यादित करण्यात आला. दोषाचे सावट मात्र सहा वर्षे राहिले. एकदा प्रसिद्ध झालेली चूक परत बोलावता येत नाही, हे मुद्रणाच्या अभ्यासकाला माहीत असलेले सत्य येथेही तसेच्या तसे आहे.

८.

या सामूहिक, वाटाघाटीच्या विवेकाशेजारी एका लेखकाचा विवेक ठेवून पाहावा. डोनाल्ड क्नुथ यांची 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली. १९९० साली त्यांनी जाहीर केले की तिच्यात आता नवे काही येणार नाही. फक्त गंभीर दोष सुधारले जातील. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या आकड्यात 'पाय' या गणिती स्थिरांकाचा एक अंक वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ असा झाला. आपल्या मृत्यूनंतर आकडा 'पाय' असाच गोठवावा आणि तेव्हा जे दोष उरतील त्यांना गुणधर्म समजावे, अशी त्यांची इच्छा आहे. ही भूमिका एका लेखकाला शोभते. कृती त्याची, अंतिम पाठ ठरवण्याचा हक्क त्याचा. जीसीसीला असा लेखक नाही. स्टॉलमन यांचे हात कधीच इतरांच्या हातांत मिसळून गेले. मुंबईच्या आय. आय. टी.तही प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले आणि या अवाढव्य संहितेची अंतर्रचना शिकवणाऱ्या कार्यशाळा तेथे झाल्या. अशा बहुकर्तृक ग्रंथाला अंतिम पाठ नसतो. त्याला फक्त शाखा असतात आणि प्रत्येक शाखेला आयुष्य असते.

ते आयुष्य साधारण तीन वर्षांचे. दहावी आवृत्ती २०२० च्या मे महिन्यात आली. तिची शेवटची दुरुस्त प्रत जुलै २०२३ मध्ये निघाली आणि शाखा बंद झाली. त्यानंतर ज्याला ती हवी, त्याने दुरुस्त्यांसाठी आपल्या वितरकाकडे जावे किंवा स्वतः लेखणी उचलावी.

शाखा बंद होताना एक छोटासा विधी होतो, तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. प्रत्येक रिग्रेशनच्या नोंदीच्या शीर्षकात तो ज्या ज्या चालू शाखांत आहे, त्या शाखांचे आकडे लिहिलेले असतात. शाखा बंद झाली की त्या साऱ्या शीर्षकांतून तिचा आकडा काढला जातो. दोष त्या आवृत्तीत तसाच असतो. कुठल्याशा यंत्रावर तो तेव्हाही चालत असतो. फक्त तो सुधारण्याचे वचन मागे घेतले जाते, आणि तेही लपूनछपून नव्हे, नोंद करून. कोणत्या दिवशी, कुणी आणि कोणत्या कारणाने हा दोष सोडून दिला, हे पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोंदीतही आज वाचता येते. आपल्या ग्रंथव्यवहारात कोणत्या चुका कुणी, केव्हा व का राहू दिल्या, याची अशी नोंद आपण ठेवतो का? शुद्ध पाठाचा आग्रह धरणाऱ्या आपणा अभ्यासकांनी निदान हा एक प्रश्न येथून उचलावा.